आम्ल निम्मं केलं तर?

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'आम्लाची संहती आणि अभिक्रियेचा दर'. समोर बहुतेक विज्ञानाचे शिक्षक दिसतायत, त्यामुळे विरल म्हणजे पाणी घालून पातळ केलेलं आणि संहत म्हणजे दाट, यात जास्त वेळ घालवत नाही. शहाबादी फरशीचा चुरा आपण सगळेच वर्गात दाखवतो. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की सावकाश बुडबुडे, जरा संहत टाकलं की भसाभस फेस. मुलं वहीत लिहितात, 'संहती वाढली की दर वाढतो', आणि आपण पुढच्या मुद्द्याकडे जातो. माझं म्हणणं आहे की पुढे जायची घाई करू नका. ते वाक्य मुलांच्या हातात घड्याळ देऊन तपासून घ्या. हे मी का म्हणते, ते एका मुलीमुळे.

मी तेव्हा एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते. बारावीचं प्रॅक्टिकल तुम्हाला माहीतच आहे: सोडियम थायोसल्फेट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल. कागदावर काळ्या शाईची फुली काढायची, तिच्यावर शंकूपात्र ठेवायचं, आम्ल ओतलं की घड्याळ सुरू. थोडा वेळ काहीच होत नाही. मग द्रावणात निळसर धुरकट झाक येते, ताक घुसळल्यासारखं पांढरं होतं, पिवळट होतं आणि फुली दिसेनाशी होते. तो गंधक. सल्फर डायऑक्साइडचा नाकाला झोंबणारा वास येतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्याच. दमा असलेलं मूल असेल तर त्याला दारापाशी उभं करा, वेळा टिपायचं काम द्या. हे मी दरवर्षी सांगायचे, आजही सांगते.

या प्रयोगात आपण थायोसल्फेट कमी-जास्त करतो आणि आम्ल कायम ठेवतो. या मुलीचं काम लवकर आटोपलं. ती म्हणाली, "मॅडम, आता उलटं करून बघू का? थायोसल्फेट तेवढंच ठेवते, आम्ल कमी करते." म्हटलं, कर. तिने आम्ल निम्मं घेतलं आणि जेवढं आम्ल कमी केलं तेवढं पाणी घालून एकूण आकारमान सारखं राखलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. फुली आपण वरून बघतो, द्रावणाची खोली बदलली तर सगळंच फसतं, हे तिचं तिने ओळखलं होतं.

आधी ४२ सेकंद लागले होते. आम्ल निम्मं केल्यावर लागले ४५.

मी म्हटलं, चुकलं असणार, परत कर. ४४. पुन्हा करायला लावलं. ४५. थायोसल्फेट निम्मं केलं होतं तेव्हा मात्र वेळ दुपटीच्या आसपास गेली होती. तिने दोन्ही तक्ते वहीत नीट मांडले, आलेख काढले. एक रेषा चढती, दुसरी जवळजवळ आडवी.

महिन्याभराने परीक्षा. बहिःस्थ परीक्षकांनी तोंडीत नेमकं हेच विचारलं: आम्ल निम्मं केलं तर वेळ किती लागेल? ती म्हणाली, "जवळपास तेवढाच, सर." परीक्षकांनी फळ्याकडे बोट केलं. समीकरण लिहिलेलंच होतं: थायोसल्फेटच्या एका रेणूला हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन. "दोन रेणू आहेत ना? मग आम्ल निम्मं केलं की वेग पाव होणार." ती म्हणाली, "मी करून बघितलंय, सर." वही पुढे केली. त्यांनी ती उघडलीही नाही. तोंडीचे गुण कापले गेले. मी त्याच टेबलाशी अंतर्गत परीक्षक म्हणून बसले होते. मी बोलायला हवं होतं. बोलले नाही, आणि ते मला अजून सलतं.

कारण ती बरोबर होती. समीकरणात शेवटी काय आणि किती खर्च झालं याचा हिशोब असतो. वाटेत काय घडलं ते त्यात नसतं. अभिक्रिया टप्प्याटप्प्याने होते, आणि जो टप्पा सर्वांत संथ, त्याच्या चालीने सगळं चालतं. लग्नाच्या पंगतीत वाढपी दहा असोत की वीस, पुऱ्या तळणारा एकच असेल तर पंगत तेवढ्याच वेळात उठते. या प्रयोगात आम्ल मुबलक असतं, म्हणजे वाढपी भरपूर. अडतं ते थायोसल्फेटपाशी. म्हणून आम्लाचा परिणाम इतका थोडा.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. मुख्य विषय आता भरभर सांगते.

याच्या अगदी उलट उदाहरण घ्या: अ‍ॅसिटोन आणि आयोडिन. समीकरणाच्या डाव्या बाजूला आम्ल औषधालाही नाही. तरी आम्ल दुप्पट केलं की वेग दुप्पट होतो, आणि आयोडिन दुप्पट केलं तर वेग तोच राहतो. १९०४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ आर्थर लॅपवर्थ यांनी ब्रोमिन घेऊन हेच दाखवलं. आम्ल अ‍ॅसिटोनच्या रेणूचं रूप सावकाश पालटतं, आणि रूप पालटलेला रेणू दिसला की आयोडिन त्याच्यावर लगेच झडप घालतं. संथ काम आम्लाचं, म्हणून वेगही आम्लाच्या हातात.

अभिक्रियांचा दर मोजण्याच्या शास्त्राची सुरुवातच आम्लापासून झाली. १८५० मध्ये जर्मनीत लुडविग विल्हेल्मी यांनी उसाची साखर आम्लात फुटताना पाहिली. तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, तसा ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश, वळण्याचा कोन बदलत जातो. मिश्रणाला हात न लावता, नुसता कोन वाचून त्यांनी दर मोजला: साखर जेवढी उरली असेल त्या प्रमाणात. आम्ल खर्च होत नाही, पण दर त्याच्यावर ठरतो. या कामाकडे तीसेक वर्षं कुणाचं लक्ष गेलं नाही, रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८८४ मध्ये ते पुढे आणलं.

आता संहती आणि तीव्रता. संहती म्हणजे द्रावणात आम्ल किती आहे, तीव्रता म्हणजे त्यातले किती रेणू सुटे होऊन हायड्रोजन आयन देतात. एक मोलर हायड्रोक्लोरिक आणि एक मोलर अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे दर लिटरला आम्लाचे रेणू तेवढेच, संहती सारखीच. दोन्हींत मॅग्नेशियमच्या फितीचा सारख्या लांबीचा तुकडा टाका. एकात फीत बघता बघता संपते, दुसऱ्यात रेंगाळते. अ‍ॅसेटिक आम्लाच्या हजार रेणूंपैकी जेमतेम चार सुटे झालेले असतात, हायड्रोजन आयन तेवढेच. पण थांबून बघा, शेवटी वायू दोन्हींत तेवढाच जमतो. वेग ही एक गोष्ट आणि एकूण उत्पादन ही दुसरी, हा फरक मुलांना इथे डोळ्यांनी दिसतो.

आणि जिथे संहती वाढवली की अभिक्रिया मंदावते, असं उदाहरण रस्त्यावरून रोज जातं. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्ल साध्या पोलादाच्या टँकरमधून नेतात. लोखंडावर सल्फेटचा थर बसतो आणि तोच पुढचं लोखंड वाचवतो. त्यात पाणी शिरून ते विरल झालं की हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि पोलाद खाल्लं जातं. हे मात्र वर्गात करून दाखवायचं नाही, नुसतं सांगायचं.

संहती आणि दर यांचा नियम मांडणारे गुलबर्ग आणि वागे राहिले, रेणूंच्या टकरींचा सिद्धांतही राहिला. ते पुस्तकात व्यवस्थित आहे. वेळ संपली. बाहेर व्हरांड्यात दोन टेबलं मांडली आहेत, थायोसल्फेट आणि आम्ल आधीच मोजून ठेवलंय, कागदावर फुल्या काढल्या आहेत. एका टेबलावर थायोसल्फेट निम्मं करा, दुसऱ्यावर आम्ल. मोबाइलमधलं घड्याळ चालेल. आकडे भिंतीवरच्या तक्त्यावर स्वतः लिहा, आणि कितीही विचित्र आले तरी खोडू नका.