प्राप्तिकराचा परतावा आणि न उघडलेले सूचनापत्र

श्रोतेहो, नमस्कार. प्राप्तिकराचे विवरणपत्र भरून झाले, की बहुतेकांचे लक्ष परतावा खात्यात कधी जमा होतो याकडे लागते. तो कधी अपेक्षेपेक्षा कमी येतो, कधी मुळीच येत नाही; आणि त्याचे कारण ज्यात लिहिलेले असते, ते ईमेलने आलेले सूचनापत्र मात्र अनेकजण उघडूनही पाहत नाहीत. आज त्या सूचनापत्राविषयीच बोलायचे आहे.

विवरणपत्र ऑनलाइन भरल्यावर ३० दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावी लागते, आणि त्यानंतर ते बेंगळुरूच्या केंद्रीकृत प्रक्रिया केंद्रात तपासले जाते. तेथे कोणी अधिकारी आपली कागदपत्रे पुढ्यात घेऊन बसलेला नसतो. १९६१च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १४३(१) प्रमाणे आकडेमोड बरोबर आहे का, मागितलेली वजावट विवरणपत्रातल्याच माहितीशी विसंगत नाही ना, आणि आपण दाखवलेला टीडीएस, म्हणजे पगार किंवा व्याज देतानाच कापून घेतलेला कर, विभागाकडील नोंदींशी जुळतो का, एवढे संगणक पाहतो. ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरले, ते संपल्यापासून नऊ महिन्यांच्या आत हे सूचनापत्र पाठवण्याची मुदत आहे.

सूचनापत्रात शेजारीशेजारी दोन रकाने असतात. एकात आपण दिलेले आकडे, दुसऱ्यात विभागाने काढलेले. शेवटची रक्कम पाहून हळहळण्याऐवजी वरून एकेक ओळ ताडून पाहावी. जेथे दोन आकडे प्रथम वेगळे होतात, तेथेच परतावा घटल्याचे कारण सापडते. पगारदारांच्या बाबतीत ही ओळ बहुधा टीडीएसची असते. मालकाने किंवा बँकेने कर कापला खरा, पण तिमाही विवरणात आपला पॅन चुकीचा लिहिला किंवा विवरणच भरले नाही, तर आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराची नोंद दाखवणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये ती रक्कम दिसत नाही आणि संगणक ती धरत नाही. अशा वेळी आपण कितीही अर्ज केले तरी मूळ नोंद ज्याने कर कापला त्यालाच दुरुस्त करावी लागते. म्हणून पाठपुरावा आधी त्याच्याकडे करावा, आणि खरे तर विवरणपत्र भरण्यापूर्वीच २६एएस पाहून घ्यावा.

दुसरे कारण जुन्या थकबाकीचे. मागील एखाद्या वर्षाची मागणी नोंदीत शिल्लक असेल, तर कलम २४५ खाली ती परताव्यातून वळती करता येते. मात्र त्याआधी तशी सूचना येते आणि उत्तरासाठी २१ दिवस मिळतात. ती मागणी पूर्वीच भरलेली किंवा चुकीची असेल, तर प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर असहमती नोंदवावी. गप्प राहिल्यास वळती होते, आणि मग तो पैसा सोडवून घेणे फार कटकटीचे ठरते.

परताव्यावर व्याजही मिळते. समजा, आपला कर ६०,००० रुपये ठरला आणि टीडीएस ७२,००० रुपये कापला गेला. विवरणपत्र मुदतीत भरले असेल, तर १२,००० रुपयांवर करनिर्धारण वर्षाच्या, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतर लगेच येणाऱ्या वर्षाच्या, १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज धरले जाते. परतावा १० सप्टेंबरला मंजूर झाल्यास अपुरा महिना पूर्ण मोजून सहा महिन्यांचे ३६० रुपये होतात. उशिरा विवरणपत्र भरणाऱ्याचे व्याज मात्र विवरणपत्राच्या तारखेपासून सुरू होते, आणि ठरलेल्या कराच्या १० टक्क्यांहून परतावा कमी असेल तर व्याज कोणालाच मिळत नाही. परताव्याची मूळ रक्कम उत्पन्नात धरायची नसते; व्याज मात्र पुढच्या विवरणपत्रात इतर उत्पन्न म्हणून दाखवावे लागते. हे हमखास विसरले जाते.

सूचनापत्रात परतावा मंजूर दिसतो, पण खात्यात जमा नाही, असे झाल्यास बँक खाते पोर्टलवर प्रमाणित आहे का, पॅनवरील आणि खात्यावरील नाव सारखे आहे का, आणि बँकेच्या विलीनीकरणानंतर शाखेचा आयएफएससी संकेतांक बदलला का, हे पाहून परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती करावी. तशी सोय पोर्टलवरच आहे. ‘परतावा हवा असल्यास या लिंकवर कार्डाचा क्रमांक द्या’ अशा संदेशांना मुळीच उत्तर देऊ नये.

संगणकाचा हिशेबच चुकला असेल आणि चूक नोंदींवरून उघड दिसत असेल, तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करावा. वाद त्याहून खोल असेल, तर अपील आहे. पण त्याची मुदत ३० दिवसांचीच असल्याने दुरुस्तीच्या उत्तराची वाट पाहत ती हातची जाऊ देऊ नये. परतावा हाती आला तरी विवरणपत्र सविस्तर छाननीसाठी निवडले जाऊ शकते. तशी नोटीस विवरणपत्र भरलेले आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांपर्यंत येऊ शकते, तेव्हा गुंतवणुकीच्या पावत्या आणि भाड्याच्या नोंदी तोपर्यंत तरी जपून ठेवाव्यात.