‘वॉज’, ‘वेअर’ आणि आपला वस् धातू

नमस्कार श्रोतेहो. आज आदिजर्मानिक भाषेतल्या क्रियापदांविषयी बोलू. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या सगळ्यांची ही पूर्वज. तिच्यात लिहिलेला एकही ग्रंथ नाही. तिची रूपं लेकी-भाषांवरून बांधावी लागतात, आणि अशा रूपाआधी तारांकन देतात. ‘हे लिहिलेलं सापडलेलं नाही’ एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या ‘वसणे’तला वस् धातू घ्या. मूळ अर्थ राहणे, मुक्काम करणे. संस्कृतच्याच भाषाकुळातल्या जर्मानिक शाखेत त्याचा अर्थ ‘असणे’ झाला. जुन्या इंग्रजीत ‘तो होता’ला वॅस, ‘ते होते’ला वॅरॉन. आजचं वॉज-वेअर त्यातूनच आलं. जुन्या उच्च जर्मनमध्ये वास आणि वारुन. एकवचनात स, अनेकवचनात र. अशी विचित्र जोडी दोन भाषांत सारखीच आढळली, की ती पूर्वजाकडून आली असं धरायचं.

इथे घाई नडते. चौथ्या शतकातलं, गॉथिक या आता लुप्त झालेल्या भाषेतलं बायबल हे जर्मानिक शाखेतलं सर्वात जुनं मोठं लेखन, पण त्यात वास आणि वेसुन, दोन्हीकडे स आहे. जुनं तेच मूळ असं मानलं की फसगत झालीच. गॉथिकने एकवचनाच्या वळणावर अनेकवचन बेतलं होतं. आजच्या जर्मनने नेमकं उलट केलं. तिथे वार, वारेन, दोन्हीकडे र.

या स-रचं कोडं 1875 मध्ये डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल वेर्नर यांनी सोडवलं, तेही वैदिक संस्कृतच्या आधाराने. वस्च्या परोक्ष भूतकाळात एकवचनी ‘उवास’मध्ये उदात्त, म्हणजे उंच सुरातला आघात, धातूवर असतो, अनेकवचनी ‘ऊषुः’मध्ये प्रत्ययावर. आरंभीच्या आदिजर्मानिकमध्येही आघात असाच फिरत होता. सच्या लगेच मागच्या स्वरावर आघात असेल तर स टिकतो. आघात पुढे सरकला की स घोष होतो, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपनासह उच्चारला जातो, ‘झाड’मधल्या झच्या जवळचा. इंग्रजी-जर्मनच्या बाजूला पुढे त्याचाच र झाला. म्हणून तारांकित रूपं वास आणि वेझुन. नंतर आघात सरसकट पहिल्या अक्षरावर गेला, म्हणजे कारण पुसलं गेलं आणि परिणाम तेवढा राहिला. वेदपाठकांनी हे आघात इतक्या काटेकोरपणे जपले नसते, तर हे कारण शोधणं फार अवघड गेलं असतं.

आणखी एक सापळा सांगतो. इंग्रजी ‘हॅव’ आणि लॅटिन ‘हाबेरे’ दिसायला सारखे, अर्थही एकच, तरी नातं नाही. याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये मांडलेल्या नियमानुसार जर्मानिकमधला आरंभीचा ह जुन्या कपासून येतो, म्हणजे हॅवचा खरा सोयरा लॅटिनमधला ‘कापेरे’, पकडणे. त्यातल्या पचा जर्मानिकमध्ये आधी फ आणि मग घोष होऊन ब झाला, कारण याही क्रियापदात आघात पुढच्या अक्षरावर होता.