आसामच्या डुकरांपर्यंत हा व्हायरस पोचला कसा?

नमस्कार मंडळी. 2020 मध्ये आपण सगळे कोरोनात अडकलो होतो, तेव्हा आसाममध्ये डुकरं पटापट मरत होती. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि निदान झालं: आफ्रिकन स्वाइन फीव्हर. भारतात पहिल्यांदाच! माणसाला हा होत नाही, स्वाइन फ्लूशीही याचा संबंध नाही. पण डुकराला झाला की ते सहसा वाचत नाही.

मग आला कुठून? 2007 मध्ये हा जॉर्जिया देशातल्या पोती बंदराजवळ दिसला. जहाजावरचं खरकटं तिथल्या डुकरांनी खाल्लं असावं, असं मानतात. 2018 ला चीन, मग आसाम.

माग काढणं मात्र किचकट. हा डीएनए व्हायरस, त्याचा जीनोम, म्हणजे डीएनएचा पूर्ण मजकूर, जवळपास 1 लाख 90 हजार अक्षरांचा, आणि कोरोनाच्या मानाने फारच सावकाश बदलतो. जॉर्जिया काय, चीन काय, नमुने जवळपास सारखेच!

आता स्क्रीनवर बघा. दोन जनुकांच्या मधल्या जागेत दहा अक्षरांचा एक तुकडा आहे. जॉर्जियाच्या व्हायरसमध्ये तो दोनदा येतो. 2012 च्या युक्रेनच्या नमुन्यात तीनदा. चीनमध्ये तीनदा, आसाममध्येही तीनदा. म्हणजे आसामचा व्हायरस या बदललेल्या शाखेतला. एवढ्यावरून शाखा कळते, तो कुठल्या वाटेने आत शिरला ते नाही कळत.

खरी काळजी पुढे आहे. 2023 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं की जीनोटाइप 1 आणि 2, म्हणजे या व्हायरसचे दोन वेगळे जनुकीय प्रकार, यांची सरमिसळ झालेला व्हायरस तिथे फिरतोय. ओळख पटवायला नेहमी वापरतात ते पी-72 जनुक त्यात जीनोटाइप 1 चं आहे. तेवढंच तपासलं, तर रिपोर्ट सरळ ‘जीनोटाइप 1’ म्हणेल आणि आतला जीनोटाइप 2 चा भाग दिसणारच नाही. त्यांनी जीनोटाइप 2 पासून बनवलेली लसही याच्यापुढे टिकली नाही. म्हणून माझं ठाम मत आहे, निदान काही नमुन्यांचा तरी पूर्ण जीनोम वाचलाच पाहिजे.

पण नमुना मिळाला तर ना! नुकसानभरपाई वेळेवर हातात पडली, तरच शेतकरी कळवेल. तुमच्याकडे डुकरं अचानक मरू लागली तर लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. मेलेलं जनावर नदीत टाकू नका, मांस विकू नका. गोठवलेल्या मांसात हा व्हायरस महिनोन्‌महिने जिवंत राहतो.