बडोद्यानं शाळेला काय काय जोडलं होतं

(दृश्य : कीर्तिमंदिर. मग राजघराण्याची जुनी छायाचित्रं.)

१८७५चा मे महिना. मालेगावजवळच्या कवळाणे गावातून गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा बडोद्याला येतो. गायकवाडांच्याच भाऊबंदांतला, पण घर शेतकऱ्याचं. मुलाला अक्षरओळख नाही. २७ मे रोजी महाराणी जमनाबाई त्याला दत्तक घेतात आणि त्याचं नाव ठेवलं जातं सयाजीराव.

पुढची सहा वर्षं हा मुलगा शिकतो. एलियट नावाचे इंग्रज शिक्षक, खास त्याच्यासाठी उघडलेली शाळा आणि चार भाषा: मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी. जोडीला तालीम आणि घोडेस्वारी. शेवटी दिवाण सर टी. माधवराव त्याला राज्यकारभारावर व्याख्यानं देतात. राजानं काय करावं, काय करू नये, पैसा कुणाचा आणि कुणासाठी, हे समजावून सांगतात. २८ डिसेंबर १८८१ला अठरा वर्षांचे सयाजीराव कारभार हाती घेतात.

या शिक्षणात एक गोष्ट होती, जी आपल्या शाळांत जवळजवळ कुठेच सापडत नाही. हा मुलगा उद्या काय करणार आहे, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गुजराती शिकवली, कारण रयत गुजराती बोलणारी होती. हिशेब शिकवला, कारण खजिना त्याच्याच हाती येणार होता.

शाळा मुलांना आयुष्यासाठी तयार करते का, हा प्रश्न आपल्या घरांत दरवर्षी निकालाच्या सुमारास निघतो. दोन दिवस चर्चा होते आणि मग प्रवेशाच्या धावपळीत तो विसरला जातो. बडोद्यात मात्र तो नीट धसाला लावता येतो. अक्षरओळख उशिरा झालेल्या एका माणसानं इथे शाळा सक्तीची केली, आणि एवढ्यावर भागणार नाही हेही त्यानंच ओळखलं.

(दृश्य : जुन्या शाळेची इमारत, व्हरांडा, दप्तरं.)

१८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. १९०६मध्ये कायदा साऱ्या राज्याला लागू झाला. मुलांना आणि मुलींनाही. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला दंड. तो दंड खरोखर वसूल व्हायचा आणि लोक कुरकुरायचे, कारण शेतात राखणीला आणि घरी धाकट्याला सांभाळायला तेच मूल लागायचं. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा बडोद्याचा दाखला दिला. विधेयक फेटाळलं गेलं. साऱ्या देशात सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला.

पण शाळेत गेलेलं मूल चौथी-पाचवी करून शेतावर परतलं आणि दहा वर्षं छापील कागद त्याच्या हाती आला नाही, तर काय होणार? शिकलेली अक्षरं पुसली जाणार. राज्यातल्या लोकांच्या हे लक्षात आलं. १९१०मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावलं गेलं. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी त्या काळातली. तिथल्या पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून.

(दृश्य : सेंट्रल लायब्ररी. काचेच्या जमिनीवरून चालणारी पावलं, खालून घेतलेली.)

लायब्ररी शहरापुरती ठेवली नाही. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जायच्या. गावानं वाचायचं, पेटी परत करायची, मग दुसरी यायची. शाळा सुटल्यानंतरचं वाचन ही राज्याची जबाबदारी मानली गेली. मला विचाराल तर सक्तीच्या कायद्याइतकीच ही मोठी गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी आपण फारच कमी बोलतो.

(दृश्य : राजमहाल रोडवरचं कलाभवन. घुमट, कमानी, आत-बाहेर करणारे विद्यार्थी.)

आता कलाभवन. इथे जरा रेंगाळू.

१८९०मध्ये प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी सयाजीरावांच्या आश्रयानं हे उभं केलं. गज्जर रसायनशास्त्राचे. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, स्थापत्य, चित्रकला हे सगळं एका छपराखाली शिकवायचं, आणि तेही मुलांना समजेल अशा देशी भाषेत, असा त्यांचा आग्रह होता. रंगाऱ्याच्या मुलाला रंगाचं रसायनशास्त्र कळायला आधी इंग्रजी कशाला यायला हवी, असा साधा विचार त्यामागे होता. शास्त्रीय शब्दांना गुजराती प्रतिशब्द मिळावेत म्हणूनही त्यांनी खटपट केली.

त्र्यंबकेश्वरचा एक तरुण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून इथे आला. धुंडिराज गोविंद फाळके. कलाभवनात त्यानं चित्रकलेबरोबर छायाचित्रण, मूर्तिकाम आणि स्थापत्याचाही अभ्यास केला. हे १८९०च्या सुमाराचं. ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये पडद्यावर हलती चित्रं दाखवली ती १८९५ साली. म्हणजे फाळके ज्या धंद्यात नाव काढणार होते, तो धंदा ते विद्यार्थी असताना जगात कुठेच नव्हता. कोणताही अभ्यासक्रम त्यांना त्यासाठी तयार करू शकला नसता. तरीही १९१३मध्ये 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट उभा करताना पडद्यामागचं रंगकाम, देखाव्यांचं बांधकाम, कॅमेरा, रसायनांत फिल्म धुणं या सगळ्यावर त्यांचा हात आधीच बसलेला होता.

पंधरा वर्षांनी कोणत्या नोकऱ्या असतील हे आज कुणालाच सांगता येत नाही आणि पालकांची झोप उडते. फाळक्यांचं उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. भविष्य नेमकं ओळखून मुलाला घडवणं कोणत्याच शाळेला जमणार नाही. मात्र चार वेगवेगळी कामं स्वतःच्या हातानं पूर्ण केलेला मुलगा पाचवं काम समोर आलं की बिचकत नाही.

आणखी एक धागा. याच गज्जरांनी प्राध्यापक कोटिभास्कर आणि अमीन यांच्यासोबत १९०७ साली अलेम्बिक ही औषधांची कंपनी सुरू केली. भाईलालभाई अमीन गज्जरांचेच विद्यार्थी. गुरू, शिष्य आणि एक मराठी प्राध्यापक यांनी मिळून कारखाना काढला. शिकवणारी माणसं स्वतः कामात उतरलेली होती. विद्यार्थ्याला वर्गातून कारखान्याकडे जाणारी वाट डोळ्यांनी दिसत होती.

१९४९मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं आणि कलाभवन त्याची तंत्रज्ञान शाखा झालं. अभियंते तिथे आजही घडतात. पण रंगाऱ्याच्या मुलासाठी उघडलेलं दार बदललं. आता तिथे पोचायचं तर बारावी विज्ञान आणि प्रवेशाची चाळणी पार करावी लागते.

(दृश्य : मकरपुरा जीआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत. शटर वर होतं. लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, सुरू होतं. पोलादाचा चकाकता छिलका.)

मकरपुरा. इथे लहान लहान वर्कशॉप ओळीनं आहेत. लेथवर एक जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, लावलेला आहे. एका टोकाला ४० मिलिमीटर व्यास, दुसऱ्या टोकाला ३०, लांबी ५०. याला टेपर, म्हणजे एका टोकाकडे निमुळता होत जाणारा उतार, काढायचा. टूल किती अंशांत वळवायचं? मोठ्या व्यासातून छोटा वजा करा, लांबीच्या दुपटीनं भागा. दहा भागिले शंभर. ०.१. ज्या कोनाचा टॅन ०.१ येतो तो कोन, म्हणजे पावणेसहा अंशांच्या आसपास.

हे दहावीचं त्रिकोणमितीचं गणित आहे. बडोद्यात दरवर्षी हजारो मुलं टॅन, साइन, कॉस पाठ करतात. त्यांतल्या बहुतेकांना दहावी संपेपर्यंत कुणी सांगत नाही की मनोऱ्याची उंची काढण्यापलीकडे याचा उपयोग आपल्याच शहरात रोज होतो. आणि लेथवर उभा असलेला मुलगा, ज्याला दहावीत गणितात जेमतेम गुण पडले होते, तो हेच गणित दिवसातून दोनदा करतो. 'मला गणित येत नाही' असं मात्र तो आयुष्यभर म्हणत राहतो. शाळेनं त्याच्या मनावर तसं ठसवलेलं असतं. याचं मला अतिशय वाईट वाटतं. शाळेनं काही शिकवलं नाही, इथपर्यंत समजू शकतो. जे येतं तेही आपल्याला येत नाही असं एखादं मूल मानून चालतं, हा खरा घात आहे.

यात आपल्या घरांचाही वाटा आहे. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागातल्या मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या सरकारी कचेरी, बँक, शिक्षकी यांना मान मिळाला. कारकुनी सरळ मार्गाची होती, पगार महिन्याच्या महिन्याला यायचा. त्यामुळे 'आयटीआयला घातलं' हे वाक्य आजही आवाज खाली आणून बोललं जातं. फिटर, टर्नर, वेल्डर ही कामं करणाऱ्या माणसांवर बडोद्याचे कारखाने चालतात. त्या मुलाकडे नातेवाईक लग्नकार्यात कसे पाहतात, यावरही त्याची तयारी ठरते.

(दृश्य : सायकलवरून शाळेत निघालेल्या मुली.)

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग शाळा हवीच कशाला? शाळा सोडून मोठे झालेल्या उद्योगपतींची नावं हल्ली मोबाइलवर सतत येत असतात. मला हा युक्तिवाद मान्य नाही. घरात भांडवल असलेल्या मुलानं शाळा सोडणं निराळं आणि घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीनं सोडणं निराळं. घरात पहिल्यांदाच शाळा पाहणाऱ्या मुलीसाठी शाळेचा दाखला हे पहिलं असं ओळखपत्र असतं, जे तिला वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर मिळालेलं नसतं. शिवाय दहावीपर्यंत शाळेत राहिली म्हणजे लग्नाचं बोलणं तेवढी वर्षं पुढे जातं.

भरभक्कम पुस्तकी शिक्षणाचंही मोल आहे. वेंकटरामन रामकृष्णन याच शहरात वाढले. इथल्या विद्यापीठातून १९७१मध्ये पदार्थविज्ञानाचे पदवीधर झाले. अमेरिकेत त्याच विषयात डॉक्टरेट केली आणि मग पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकायला बसले. २००९ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पाया पक्का असला की माणूस वाट बदलू शकतो. मुलाची शाखा एकदा ठरली की आयुष्य ठरलं, असं मानणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

(दृश्य : सयाजीबाग. वडाचं झाड. संकल्पभूमी, आंबेडकरांच्या आठवणीची जागा.)

आणि तरीही बडोद्याच्या इतिहासात एक पान असं आहे, जिथे शिक्षण काठोकाठ होतं आणि शहरच अपुरं पडलं.

१९१३मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि कराराप्रमाणे १९१७ साली राज्याची नोकरी करायला ते बडोद्यात आले. एवढं शिकलेली माणसं तेव्हा साऱ्या देशात किती असतील? या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं. ते कळल्यावर काठ्या घेतलेला जमाव दारात आला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती ओळखीच्याकडे विचारून पाहिलं, दोघांनीही असमर्थता सांगितली. मुंबईच्या रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी याच बागेत काढला. त्या वेळी हिला कमाठी बाग म्हणत.

याच राज्यात अस्पृश्य मुलांसाठी सरकारी शाळा कधीच्या उघडल्या होत्या. त्यांत शिकवायला सवर्ण शिक्षक तयार होईनात, म्हणून मुसलमान आणि पुढे आर्यसमाजी शिक्षक नेमावे लागले. राजाचा हुकूम शाळेच्या दारापर्यंत पोचला, शेजाऱ्याच्या मनापर्यंत पोचला नाही.

'शिक्षणानं तरुण यशस्वी होतात का' असं विचारताना आपण सगळा भार तरुणांवर टाकतो. तू कमी शिकलास, तुझी इंग्रजी कच्ची, तुझ्यात आत्मविश्वास नाही. १९१७ साली बडोद्यात आलेल्या त्या तरुणात काय कमी होतं? पंचमहाल, दाहोद, छोटा उदेपूरहून आजही मुलं-मुली या शहरात शिकायला येतात. खोली दाखवण्याआधी त्यांना आडनाव विचारलं जातं. पदवी हातात असूनही ज्यांना आपण दारातून परत पाठवतो, त्यांच्या अपयशाचं कारण त्यांच्या गुणपत्रिकेत शोधून सापडणार नाही.

(दृश्य : शाळेचा वर्ग. फळ्यावर त्रिकोण. खिडकीतून दिसणारा रस्ता.)

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत, सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांबरोबर काम शिकण्यासाठी. बऱ्याच ठिकाणी अशा दिवसांची सहल होते, फोटो निघतात. बडोद्याला याहून खूप काही करता येईल. सगळं सामान शहरात आहे. सेंट्रल लायब्ररी आहे, जुम्मादादांचा आखाडा आहे, १८८६ साली मौलाबक्षांपासून सुरू झालेल्या गायनशाळेची परंपरा आहे, ललितकलेची शाखा आहे, अलेम्बिक आहे, लेथ आहेत. यातलं एकही शाळेच्या वेळापत्रकात नाही.

पालकसभेत गुणांविषयी बोलून झालं की मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: आमच्या मुलांचे ते दहा दिवस या वर्षी कुठे जाणार आहेत, आणि त्यांना शिकवायला कोण कारागीर येणार आहे? ज्यांचं स्वतःचं वर्कशॉप, छापखाना, शिवणाचं दुकान, दवाखाना किंवा शेत आहे, त्यांनी त्याच सभेत हात वर करावा. आणि ज्यांच्या घरात एक खोली रिकामी आहे, त्यांनी दाहोदच्या मुलीला भाडं किती ते सांगावं. आडनाव विचारू नये.