वनस्पतितंतूंच्या संमिश्रांना नॅनोकणांचं बळ

श्रोतेहो, नमस्कार.

ताग, अळशी, घायपात, काथ्या. हे तंतू प्लास्टिकमध्ये किंवा इपॉक्सी रेझिनमध्ये, म्हणजे नंतर कडक होणाऱ्या चिकट द्रवात, बसवले की जो पदार्थ तयार होतो, त्याला संमिश्र म्हणतात. मोटारींच्या दारांची आतली पॅनेल आज अशा संमिश्रांची बनतात. काचतंतूची घनता घनसेंटिमीटरला सुमारे २.५ ग्रॅम, अळशीच्या तंतूची १.५ च्या आसपास. म्हणजे वजन कमी, आणि कच्चा माल शेतात उगवणारा.

मग अडतं कुठं? तंतूत सेल्युलोज असतं आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. पॉलिप्रॉपिलीनसारखं प्लास्टिक मात्र पाण्याला जवळ करत नाही. दोघांचं जुळत नाही. ताण देऊन तोडलेला तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर हे स्पष्ट दिसतं: तंतू अख्खाच्या अख्खा उपसून निघालेला, त्याच्या अंगाला प्लास्टिक जवळजवळ चिकटलेलं नाही, आणि त्याच्या जागी नुसतं गुळगुळीत भोक. तंतूची ताकद होती, पण ती वापरलीच गेली नाही. त्यात दमट हवेत तंतू फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. या सततच्या हालचालीनं सांधा आणखी सुटतो.

कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात तंतू धुऊन घेतले की मेण आणि इतर मळ निघतो, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पकड सुधारते. ही पायरी टाळू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्यापुढचं काम नॅनोकणांचं, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं. माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती घ्या. तिचा एकेक पापुद्रा साधारण एक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे सुटे झाले, तर त्यांचा पृष्ठभाग सातशे चौरस मीटरच्या वर भरतो. हे पापुद्रे रेझिनमध्ये मिसळले, की पाण्याचे रेणू त्यांच्यातून आरपार जाऊ शकत नाहीत. त्यांना प्रत्येक पापुद्र्याला वळसा घालावा लागतो, आणि ओल तंतूपर्यंत उशिरा पोचते. रेझिनमध्ये पडलेली बारीक भेगही अशीच अडते, वाकडी होते, पुढं सरकायला तिला जास्त ऊर्जा लागते. १९८० च्या दशकात टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉनमध्ये ही माती मिसळली, तेव्हा वजनाच्या पाच टक्क्यांहून कमी मातीनंही नायलॉन उष्णतेत कितीतरी जास्त टिकाव धरू लागलं.

पण जास्त घातलं की जास्त फायदा, हा हिशेब इथं चालत नाही. काही टक्क्यांपुढं कणांच्या गुठळ्या होतात, रेझिन घट्ट होऊन तंतूंच्या जुडग्यात शिरत नाही, आणि गुठळीपासूनच भेग सुरू होते. म्हणून ध्वनिलहरींनी कण नीट विखुरणं हेच खरं कौशल्याचं काम.

मला सर्वांत जास्त आशा वाटते ती नॅनोसेल्युलोजची, म्हणजे सेल्युलोजच्याच अतिसूक्ष्म कणांची. ते वनस्पतीतूनच निघतं आणि त्याच्या स्फटिकांचा ताठरपणा काचतंतूपेक्षा जास्त असतो. अडचण एवढीच, की ते पाण्यात तयार होतं आणि वाळवताना त्याचे कण एकमेकांना घट्ट धरून बसतात. ते सुटे ठेवून रेझिनमध्ये उतरवण्याच्या पद्धतींवर सध्या काम चाललं आहे.

नमस्कार.