खरेदी नुसती नावाला

(दृश्य: दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरची चहाची टपरी)

दस्तात दोनच पात्रं असतात, लिहून देणार आणि लिहून घेणार. पैसे कशाला लागले होते, दवाखान्याला की पोरीच्या लग्नाला, याचा त्यात उल्लेख नसतो. ‘मोबदला भरून पावला, ताबा दिला, काही तक्रार नाही.’ खाली अंगठा.

खरं बोलणं झालेलं असतं ते या टपरीवर, कर्ज देणाऱ्या सावकाराशी. ‘पैसे फेडा, घर परत तुमच्या नावावर करून देतो. खरेदी नुसती नावाला.’ व्याज शेकडा पाच, महिन्याला. म्हणजे वर्षाला साठ टक्के. परवानाधारक सावकाराला तारण घेऊन बिगरशेतकऱ्याकडून वर्षाला १५ टक्के आणि शेतकऱ्याकडून ९ टक्केच घेता येतात.

(दृश्य: सुपे गावातली जुनी पेठ)

हा डाव जुनाच. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या याच सुप्यात लोक सावकारांच्या घरात शिरले ते कर्जखतं शोधायला. आग लावली ती कागदांना. चार वर्षांनी सरकारने कायदा केला आणि कोर्टांना कर्जाचा सगळा इतिहास मुळापासून तपासायला लावला.

आजची मेख मुदतखरेदीत आहे, म्हणजे मुदतीत पैसे फेडले की घर परत, या अटीवरच्या खरेदीत. घर परत देण्याची अट त्याच दस्तात नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा त्या खरेदीला गहाण मानत नाही. सावकाराला हे पाठ असतं. म्हणून तर अट तोंडी!

पण वाट बंद नाही. दस्त हा निव्वळ देखावा होता, हे तोंडी पुराव्याने दाखवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने एका घराच्याच खटल्यात सांगितलं आहे. आणि महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी कायद्याचं कलम १८ आहे. सावकारीतून गेलेल्या घरा-जमिनीसाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा. व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला हवा. चौकशीत सावकारी दिसली, तर ते खरेदीखत अवैध ठरवून मिळकत परत देण्याचा आदेश देऊ शकतात. कर्जदार हयात नसेल, तर वारसांना.

(दृश्य: टेबलावर उलटी केलेली प्लास्टिकची पिशवी)

वकील आधी ही पिशवी मागतो. फोनवरून दरमहा गेलेल्या व्याजाच्या नोंदी. घरपट्टीच्या पावत्या. दस्तातली किंमत आणि त्या वर्षीचा रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला दर. घर निम्म्या किमतीत विकून त्याच घरात कोण राहतं, आणि वर दर महिन्याला पैसे कोण देतं?

वकिलाच्या फीची सोय नसेल, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील फुकट मिळतो. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आम्ही भेटलो त्यांतल्या बहुतेकांना नव्हतं.

(दृश्य: ओसरीवरचा विजेचा मीटर)

खरेदी होऊन सहा वर्षं झाली. रीडिंग घ्यायला येणारा पोरगा अजून जुन्याच मालकिणीच्या नावाने हाक मारतो. आतून ती ओ देते.