चिठ्ठी परत डब्यात

(दृश्य : ठाणे, नौपाडा. दुसऱ्या मजल्यावरची बैठकीची खोली. टीपॉयवर स्टीलचा डबा, डब्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या.)

बारा बायका, बारा महिने, प्रत्येकीचे दोन हजार. दर महिन्याला चोवीस हजार जमतात आणि एकीची भिशी लागते. चिठ्ठी उचलायला लहान मूल लागतं. घरात नसेल तर शेजारून उसनं आणायचं. आमच्या इमारतीत बरीच वर्षं ते उसनं मूल मी होतो. मजुरी म्हणून एक बाकरवडी मिळायची.

भिशीचा एक नियम इतका उघड आहे, की तो कुणी कुणाला सांगत नाही. निघालेली चिठ्ठी परत डब्यात जात नाही.

ही फिल्म त्या नियमाबद्दल आहे. तिच्यात ड्रॅगन आहेत, जादूच्या तलवारी आहेत, कोरियातला एक मोठा दंड आहे. पण ती त्या नियमाबद्दलच आहे.

(दृश्य : तीच इमारत, रात्र. दाराच्या फटीतून मॉनिटरचा निळा उजेड.)

२००६. घरात एमटीएनएलचं ब्रॉडबँड आलं होतं, वेग २५६ केबीपीएस. मी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट नावाचा ऑनलाइन खेळ खेळायचो, युरोपातल्या सर्व्हरवर. तिकडे हिवाळ्यात रात्रीचे आठ वाजले, की ठाण्यात साडेबारा. त्या वेळी चाळीस माणसं एकत्र येऊन मोल्टन कोर नावाच्या ज्वालामुखीत शिरायची. चाळिसात आम्ही दोघे इकडचे. दुसरा ऐरोलीचा, ज्या आठवड्यात रात्रपाळी नसेल त्या आठवड्यात हजर.

एका बॉसला, म्हणजे तिथल्या बड्या राक्षसाला, मारायला कधी तासभर, कधी अख्खी रात्र. तो पडला की त्याच्या अंगावर दोन-तीन वस्तू निघायच्या. चाळीस माणसांत दोन-तीन. आणि तोच बॉस पुन्हा मारता यायचा तो पुढच्या आठवड्यात.

एकदा पहाटे आई पाणी प्यायला उठली, माझा चेहरा बघून दारात थांबली.

"काय झालं रे?"

"काही नाही गं. सात आठवडे झाले, हवी ती तलवारच पडत नाहीये."

"मग आता तुझाच नंबर लागेल की. बाकीच्यांची नावं संपत आली असतील."

"संपत नाहीत. दर वेळी सगळी नावं परत डब्यात टाकतात."

आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "ही कसली भिशी? हा तर मटका झाला."

(आईचा मटका आणि कल्याण स्टेशन यांचा संबंध नाही, हे इथेच सांगून टाकतो. कल्याण मटका हे नाव कल्याणजी भगत या माणसावरून पडलं. आमच्या लोकलच्या डब्यात यावरून पैजा लागलेल्या मी ऐकल्या आहेत.)

(दृश्य : पडद्यावर फासे. वीस बाजूंचा एक फासा गडगडत जातो.)

मेलेल्या राक्षसाकडून मिळणाऱ्या वस्तूंना खेळात लूट म्हणतात. तिची मूळ कल्पना कॉम्प्युटरच्या आधीची. १९७४ साली अमेरिकेत डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा टेबलावर खेळायचा खेळ आला. त्यात राक्षस मेला, की त्याच्या गुहेत काय सापडलं हे फासा टाकून, छापील तक्ता बघून ठरवायचे. १९९६च्या अखेरीस आलेल्या डायब्लो या कॉम्प्युटरवरच्या खेळाने तो तक्ता यंत्रात घातला आणि त्याला रंग दिले. साधी वस्तू पांढरी, जादूची निळी. अंगठी पडली की तिचा वेगळा, बारीक टणत्कार. माऊस चालवणारी बोटं त्या आवाजाने जागच्या जागी थबकायची. पुढे ऑनलाइन खेळांत रंगांची उतरंडच झाली: करडा, पांढरा, हिरवा, निळा, जांभळा, नारिंगी. जांभळ्या अक्षरांतलं एक नाव बघायला माणसं आठवडेच्या आठवडे घालवायची.

आत घडतं ते असं. राक्षस मरतो, सर्व्हर एक आकडा काढतो. तुमचा कॉम्प्युटर नाही, सर्व्हर. कारण पहिल्या डायब्लोत बराच कारभार खेळणाऱ्यांच्याच मशीनवर चालायचा आणि पोरांनी तो उसकटून एका तलवारीच्या शंभर केल्या होत्या. तो आकडा तक्त्याशी ताडून बघतात. काही पडणार का? पडलं तर कोणत्या जातीचं? त्यातलं कोणत्या रंगाचं? आकडाही खऱ्या अर्थाने आंधळा नसतो, सूत्रातून येतो. पण पुढचा कोणता येईल हे खेळणाऱ्याला ओळखता येत नाही, तेवढं पुरे.

आता शंभरात एक, म्हणजे एक टक्का शक्यता घ्या. शंभर वेळा मारलं की वस्तू मिळणार, असं आपलं मन म्हणतं. मन भिशीचा हिशेब करत असतं. फाशाचा हिशेब निराळा. शंभर जणांनी शंभर-शंभर वेळा प्रयत्न केला, तर सरासरी सदतीस जण रिकाम्या हाताने परततील. तीनशे-तीनशे वेळा केला, तरी पाच जण रिकामेच. त्या पाचांनी काही चूक केलेली नसते. तीनशेएकाव्या वेळी त्यांची शक्यता पुन्हा एक टक्काच, काल रात्री खेळात आलेल्या नवख्याइतकीच.

आमच्या वर्तकनगरच्या काकांना हे गणित शिकवावं लागत नाही. ते वर्षानुवर्षं म्हाडाच्या सोडतीचा अर्ज भरतात. मागच्या सात वेळा घर लागलं नाही, म्हणून आठव्या अर्जाचं वजन वाढत नाही. अनामत परत येते, नाव परत डब्यात.

(दृश्य : तलावपाळीवर संध्याकाळ. नंतर एका गल्लीत दहीहंडीचा सराव, चौथा थर चढतोय.)

पण मोल्टन कोरमधला खरा तिढा तलवार पडत नाही हा नव्हता. ती पडल्यावर कुणाची, हा होता. पडलेली वस्तू एकाने उचलली की ती त्याची. दुसऱ्याला देता येत नाही. खेळाने दिलेला मार्ग साधा होता. हवी असेल तर 'नीड' दाबा, नुसती विकायला हवी असेल तर 'ग्रीड'. मग एक ते शंभरमधला आकडा निघायचा, मोठा आकडा जिंकायचा. सहा महिने न चुकता येणारा आणि परवा आलेला, दोघे एकाच फाशाखाली. नको असताना 'नीड' दाबून पळणाऱ्याला निंजा म्हणत. शिव्याही होत्या, त्या इथे नकोत.

यावरचा इलाज कंपनीने काढलेला नाही, खेळणाऱ्यांनी काढला. तोही या खेळाच्या आधी, १९९९मध्ये आलेल्या एव्हरक्वेस्ट या ऑनलाइन खेळात. आफ्टरलाइफ नावाच्या तिथल्या गिल्डने, म्हणजे मंडळाने, एक वही घातली. मोहिमेला आलात, गुण मिळाले. वस्तू घेतलीत, गुण खर्च झाले. नाव पडलं ड्रॅगन किल पॉइंट्स, कारण तेव्हा मारण्यासारखे मोठे दोन बॉस म्हणजे लेडी व्हॉक्स आणि लॉर्ड नागाफेन, दोन्ही ड्रॅगन. लवकरच जगभरची मंडळं 'डीकेपी'च्या वह्या ठेवू लागली. आमच्याही गिल्डची होती, एक्सेलमध्ये.

मला ही सगळ्या लुटीच्या इतिहासातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. फाशाला आठवण नसते, म्हणून माणसांनी त्याच्या शेजारी आठवण ठेवली. ठाण्यातल्या कुठल्याही गोविंदा पथकात हेच चालतं. सरावाला कोण रोज आलं, पावसात कोण आलं, हे कुणीतरी लक्षात ठेवतं. वरच्या थरावर कोण जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवत नाहीत.

अर्थात वही आली की वहीवरून भांडणंही आली. म्होरक्याच्या मैत्रिणीला गुण जास्त, रात्रपाळीवाल्याचे कापले. काही मंडळांनी मग चार-पाच जाणत्यांची पंचायतच बसवली. तिच्यावरचे आरोप तर विचारू नका. शेवटी वॉरक्राफ्टने २०१८मध्ये वाटप स्वतःकडे घेतलं. ज्याची त्याची लूट वेगळी, कुणाशी बोलायलाच नको. २०२२मध्ये, डोकेदुखी पत्करून, जुनी सामायिक लूट परत आणली. लोकांना भांडणं नको असतात हे खरंच, पण पडलेली वस्तू कुणाला द्यायची हे आपसात ठरवता न येणं त्यांना त्याहून नकोसं झालं होतं.

(दृश्य : मोबाइलचा पडदा. एक पेटी थरथरते, उघडते, सोनेरी उजेड.)

मग फाशाला आठवण देणं कंपन्याही शिकल्या. वॉरक्राफ्टच्याच घराण्यातल्या, २००२च्या वॉरक्राफ्ट ३ या आधीच्या खेळात, लुटीत नाही पण लढाईत, जादा मार बसण्याची 'पंचवीस टक्के' लिहिलेली शक्यता पहिल्या फटक्याला साडेआठच्या आसपास असायची आणि प्रत्येक हुकलेल्या फटक्यानिशी तेवढ्याच पायरीने वाढायची. सरासरी तीच, नशिबाचे टोकाचे फेरे कमी. पुढे हीच युक्ती पैसे घेऊन उघडायच्या, आत काय निघेल ते नशिबावर सोडलेल्या पेट्यांत आली. २०२०च्या गेन्शिन इम्पॅक्ट या खेळात पाच तारे असलेलं, म्हणजे दुर्मीळ, पात्र निघण्याची शक्यता दर खेपेला ०.६ टक्के. निव्वळ फाशावर सोडलं असतं, तर नव्वद खेपांनंतरही शंभरातले अठ्ठावन्न जण कोरडे राहिले असते. पण नव्वदाव्या खेपेला ते मिळतंच. याला 'पिटी' म्हणतात, म्हणजे दया.

दया म्हणायला ठीक आहे. पण सत्तराव्या खेपेला उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. आठवण नसलेला फासा त्याला म्हणाला असता, ऊठ, घरी जा, तुझं काही जमा नाही. हा फासा म्हणतो, वीसच राहिल्या. आणि त्या विसांची किंमत शेजारी लिहिलेली असते. गिल्डची वही माणसाने काय केलं ते लिहायची. ही वही त्याने किती भरले ते लिहिते.

शिवाय ही वही कंपनीच्या कपाटात असते. तिथे काय होऊ शकतं, याचं उदाहरण मेपलस्टोरी. कोरियातला जुना ऑनलाइन खेळ. त्यात २०१०पासून 'क्यूब' विकायला आले: पैसे मोजून घ्यायचा, वापरायचा, हत्याराचे गुण नव्याने निघतात. सुरुवातीला सगळ्या गुणांची शक्यता सारखी होती. काही महिन्यांतच लोकांना हव्या असलेल्या गुणांची शक्यता घटवली गेली. पुढच्या वर्षी काही लाडक्या जुळण्या निघण्याची शक्यता थेट शून्य केली गेली. खेळणाऱ्यांना सांगितलं नाही. ते क्यूब विकत घेत राहिले. जानेवारी २०२४मध्ये कोरियाच्या व्यापार आयोगाने नेक्सॉन कंपनीला सुमारे १,१६० कोटी वोनचा दंड ठोठावला.

आईला हे सांगितलं, तेव्हा तिला तक्ते, टक्के काही लागले नाहीत.

"म्हणजे चिठ्ठी डब्यात टाकलीच नव्हती," ती म्हणाली.

सरकारं या पेट्यांच्या मागे आपापल्या वेगाने लागली आहेत. जपानने २०१२मध्ये 'कॉम्प गाचा' बंद पाडला: सुटी चित्रं नशिबाने मिळवायची, पूर्ण संच झाला की मोठं बक्षीस. बबलगमच्या कागदांवरचे क्रिकेटपटू जमवलेल्यांना त्यातली मेख लगेच कळेल. शेवटचं एक कधीच निघत नाही. चीनने मे २०१७पासून शक्यता जाहीर करायला लावल्या, बेल्जियमने २०१८मध्ये पैशाच्या पेट्यांना जुगारच ठरवलं, आणि कोरियात टक्केवारी उघड करण्याचा कायदा मार्च २०२४मध्ये लागू झाला.

टक्केवारी छापली की प्रश्न मिटला, असं मला वाटत नाही. लॉटरीच्या तिकिटाच्या मागेही सगळं छापलेलं असतं. तरी आकडा छापलेला बरा. निदान तो शून्य नाही, हे तपासता येतं.

(दृश्य : पुन्हा नौपाडा. डबा टीपॉयवर. आता डब्यात एकच चिठ्ठी.)

माझी तलवार? अकराव्या आठवड्यात पडली. वहीत ऐरोलीवाल्याचे गुण माझ्यापेक्षा चार जास्त होते. त्याने घेतली.

भिशीचा आज बारावा महिना. उरलेलं नाव कुणाचं, हे अकरा जणींना पाठ आहे. बाराव्या काकू तर गेल्याच महिन्यात मिक्सरची किंमत विचारून आल्या आहेत. तरी शेजारून मूल आणलं आहे. आई डबा हलवते. आत एकच चिठ्ठी, खुळखुळतही नाही. मूल हात घालतं, बराच वेळ चाचपतं.

"नीट बघून काढ हं," कुणीतरी म्हणतं.